सहा महिन्यांच्या आतला

ताडवाडीच्या नाक्यावर माझं दुकान.
दोन दिवे, एक स्टूल, पांढरा पडदा,
आणि काउंटरच्या काचेखाली मुलाच्या मुंजीतला फोटो,
नमुन्यादाखल.

केतकी पहिल्यांदा आली ती हौसामावशीच्या कडेवर.
मान धरत होती, बूड टेकत नव्हतं.
मग मावशीच पडद्यामागे गेली,
चादरीतून हात काढून तिला तोलून बसली.
फोटोत पोर एकटीच दिसते.
नीट पाहिलं तर काखेखाली चार बोटं आहेत.
साहेबांना दिसली नाहीत.

नियम सोपे. पस्तीस बाय पंचेचाळीस.
दात दिसता कामा नयेत, कान दोन्ही दिसले पाहिजेत.
दात तेव्हा नव्हतेच.
उजवा कानही नव्हता,
मुडपलेल्या पाकळीएवढा काहीतरी होता तिथे.
इथली तीन जोडपी तो बघून चहा पिऊन गेली.

"इटलीला जायची हाय," मावशी म्हणाली दुसऱ्या खेपेला,
सासरी निघालेल्या मुलीबद्दल सांगावं तसं.
"दिवाळीपत्तूर."

दिवाळी झाली.
फाइल कोर्टातून कलेक्टरकडे गेली,
जुन्या जकातघरात या टेबलावरून त्या टेबलावर
जायला तिला जितके दिवस लागले
तेवढ्यात केतकी भिंत सोडून चालायला लागली.
आणि फोटो जुना झाला.
सहा महिन्यांच्या आतला लागतो.

तिसऱ्या वेळी ओठ मिटेनात.
मी खुळखुळा लपवला, मग मिटले.
चौथ्या वेळी दिल्लीहून पत्र:
उजवा कान छायाचित्रात दिसत नाही, सबब परत.
मग जे. जे. तून दाखला आणला,
नसलेला कान नसल्याचा.
त्या दाखल्याचे अकरा महिने.

पाचव्या वेळी स्टुलावर ती स्वतः चढली.
मी सहज विचारलं, आई कुठे असते गं?
"मॅडमच्या मोबाईलमध्ये. रविवारी."
आणि हसली.
हसायचं नाही, मी म्हटलं.
हे वाक्य मी दिवसातून तीसेक वेळा म्हणतो.
त्या दिवशी टाळूला चिकटलं.

एका कागदावर आठ निघतात, फाइलला सहा.
उरलेले दोन मी कात्रणात टाकतो.
तिचे बिस्किटाच्या डब्यात टाकत गेलो.
का, ते विचारू नका.

गेल्या गुरुवारी ते दोघे आले.
एलिओनोराबाई आणि तो उंच सँड्रो, त्रिएस्तेचे.
दोन विमानं बदलून सुनावणीला पोचले,
तर साहेबांची सोमवारीच बदली.
नवे साहेब फाइल पहिल्या पानापासून वाचणार.
आणि तुमचेही फोटो जुने झालेत, कारकून म्हणाला होता.
खरंच झाले होते. जुन्यात त्याची दाढी काळी होती.

एकेकाला बसवलं. नो स्माइल, मी म्हटलं.
म्हणायची गरज नव्हती.

मग डबा काढला.
बाईंनी काचेवर फोटो मांडले,
पत्त्यांच्या डावासारखे, जोडी जोडीने.
केतकी टाचा उंचावून बघत होती.
पहिल्यावर बोट ठेवून म्हणाली,
हे कुणाचं बाळ?

बाईंना मराठी पाच-सहा शब्द येतात,
रविवारचे.
त्या फोटोवर वाकल्या. बराच वेळ.
चार बोटांवर आपलं नख ठेवलं
आणि मला विचारलं, "कोण?"

मी बाहेर दाखवलं.
हौसामावशी पायरीवर बसली होती, सगळ्यांच्या चपलांशेजारी.
बाई गेल्या, तिच्याजवळ बसल्या, काही बोलल्या नाहीत.
मावशीने जरा सरकून जागा दिली.
पोरीच्या प्रश्नाला कुणीच उत्तर दिलं नाही.

पैसे मी पुरते घेतले, दोघांचे आणि तिचे.
सँड्रोला वाटलं असेल, काय चिकट माणूस.
पण आमचे वडील सांगायचे,
फुकट दिलेला फोटो
गिऱ्हाइकाला पुन्हा दुकानात आणतो.
त्याच्याकडे सुट्टे नव्हते.
शेजारच्या मेडिकलमधून मोड आणली,
रुपया न सोडता हिशोब मिटवला.